वडिलांच्या नावावर

वाक्य टॉर्किलचं होतं, पण ते पूर्ण केलं त्याच्या मुलीच्या जोडीदारानं, येप्पेनं. वाईट हेतूनं नव्हे. मुलीच्याच, सिसेलच्या, वाढदिवसाची कॉफी चालली होती, दुसरा कप झाला होता, केकचा उरलेला शेवटचा तुकडा भिडेपोटी कुणीच उचलत नव्हतं, आणि येप्पेच्या आईनं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं होतं, की तुम्ही मूळचे इथलेच का, रॅनर्सचे? हा प्रश्न आला की टॉर्किलच्या आत काहीतरी मांजरासारखं सुखानं अंग ताणायचं. तो खुर्चीत मागे रेलला. चमचा बशीत ठेवला. "इथलाच. पण खरं म्हणजे मी आज इथे नसतो. कोपनहेगनला असतो, घरांचे आराखडे काढत. वास्तुकलेच्या परीक्षेला बोलावणं आलं होतं मला. पण नेमके त्याच आठवड्यात आमचे वडील छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळले. दिव्यांचं दुकान होतं आमचं. किल्ली माझ्या हातात ठेवली, म्हणाले चार दिवस बघ. मी दुकान उघडलं, आणि..."

"आणि दारावरची घंटा वाजली," येप्पे म्हणाला.

एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला शब्द आठवेना तर आपण हळूच पुरवतो, तसा तो बोलला होता. कौतुकानंच. पुढचं वाक्य, 'आणि मग ती आयुष्यभर वाजतच राहिली', टॉर्किलच्या तोंडात तसंच राहिलं, गरम बटाट्यासारखं. गिळवेना आणि थुंकवेना. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. येप्पेची आई एकदा मुलाकडे, एकदा टॉर्किलकडे बघत राहिली. सिसेल उठली. "कॉफी कुणाला हवीय अजून?" ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता किटली घेऊन आत गेली. तिचे कान लाल झाले होते. लहानपणी खोटं पकडलं गेलं की व्हायचे तसे.

तो लवकर निघाला. सिसेल दारापर्यंत आली, त्याचा मफलर नीट करत म्हणाली, "बाबा, येप्पेचं मनावर घेऊ नकोस हं. त्याला ती गोष्ट आवडते." "गोष्ट?" टॉर्किल म्हणाला. "म्हणजे, तुझी ती..." ती थांबली. मग तिनं त्याच्या गालाला गाल लावला आणि तो बाहेर पडला.

चार वाजून गेले होते आणि नोव्हेंबरातला अंधार उतरला होता. नदीवरून ओला वारा येत होता, कॉलरमधून आत शिरत होता. तो पुलावर थांबला. येप्पेला आपण हे सांगितलं होतं एकदाच, उन्हाळ्यात, तेही घाईघाईत. एकदा ऐकून माणसाला शब्द न् शब्द पाठ होत नाही. म्हणजे सिसेलनं सांगितलं असणार. कसं सांगितलं असेल? भांडी पुसता पुसता, त्याच्या आवाजात, चमचा बशीत ठेवून? "आता बघ हं, दुसऱ्या कपानंतर तो मागे रेलेल." त्याला ती खोली दिसली, ती दोघं दिसली, त्यांचं हसू दिसलं, आणि त्या हसण्यात दुष्टावा नव्हता हेही दिसलं. दुष्टावा असता तर रागावता आलं असतं. राग हा त्याच्या हाताला बसलेल्या हत्यारासारखा होता. आता तो नुसता खिशात हात घालून उभा होता आणि खिशात काही नव्हतं.

घरी आल्यावर त्यानं सवयीनं अंधारात कोट टांगला. दिवाणखान्यापर्यंतची चार पावलं भिंतीला बोटं लावत गेला. दारालगतच्या बोळातला बल्ब गेला त्याला वर्ष होऊन गेलं असेल. वडिलांचं दुकान बंद झाल्यापासून दिवसभर हमरस्त्यावरच्या एका मोठ्या गोदामात तो लोकांना दिवेच विकत असे. कुठल्या खोलीला कुठला उजेड शोभेल हे त्याच्याइतकं कुणी सांगत नसे. आणि घरात हे. त्यानंही विनोद केला होता त्यावर, सिसेलपाशी. 'दिवेवाल्याच्या घरी अंधार.' तेव्हा ती हसली नव्हती. खिडकीखाली खोकी होती, बायको, इंगेर, सोडून गेली तेव्हा या फ्लॅटमध्ये आणलेली, चिकटपट्टीसकट. इंगेर आता एबल्टोफ्टला समुद्राजवळ राहते, गाणाऱ्या मंडळात जाते, नाताळला तिचं कार्ड येतं. जाताना तिनं आदळआपट केली नव्हती. स्वयंपाकघरात उभी राहून, टेबल पुसता पुसता म्हणाली होती, "गरीब माणसाबरोबर राहिले असते मी टॉर्किल. दुःखी माणसाबरोबरही. पण आपल्या घरात आपण तिघं राहतो. तू, मी आणि तुझे वडील. आणि ते मरून इतकी वर्षं झाली तरी तू त्यांना जाऊ देत नाहीस." त्या वेळी त्यानं ते वाक्यही आपल्या गोष्टीला जोडून टाकलं होतं. वडिलांपायी शिक्षण गेलं, वडिलांपायी बायको गेली. हिशेब जुळत होता.

पुढचे दिवस त्यानं राग आणायचा प्रयत्न केला. मासा पॅनमध्ये परतताना तो मनात सिसेलशी भांडायचा. बापाची टिंगल करतेस, परक्या माणसासमोर? तुझ्यासाठी काय काय केलं मी! पण भांडण दोन वाक्यांच्या पुढे जाईना, कारण तिसऱ्या वाक्याला त्याला स्वतःचा आवाज ऐकू यायचा. तीच चाल, तेच रेलणं, तीच मध्येच घेतलेली थांबण्याची जागा. जमलं नाही, कारण वडील. तुटलं, कारण इंगेर. वजन वाढलं, कारण गोदामातली पाळी. गुडघा दुखतो, कारण घरमालक लिफ्ट बसवत नाही. पडदे नाहीत, कारण राहायचंच कुठे आहे इथे कायमचं? एखादं जुनं गाणं कानात अडकावं आणि त्यातला खोटा सूर एकदा कळला की मग तोच तेवढा ऐकू यावा, तसं झालं होतं. गोदामात एक बाई बेडरूमसाठी दिवा मागायला आली आणि म्हणाली, नवऱ्याला उजेड चालत नाही म्हणून मला वाचताच येत नाही हो. एरवी त्यानं मान हलवली असती. त्या दिवशी त्याला मागे जाऊन पाणी प्यावंसं वाटलं.

आणि वडील. होल्गर. त्यांचा विचार तो रोज करत होता, पण ते त्याला दिसत मात्र नव्हते कितीतरी वर्षांत. गोष्टीतले वडील अंथरुणात होते, किल्ली पुढे केलेला एक हात, बस. आता एका सकाळी, दाढी करताना, आरशात कानाच्या पाळीला फेस लागलेला दिसला आणि होल्गरचे मोठे, पारदर्शक कान त्याला आठवले. दुकानात खिडकीकडे पाठ करून बसले की कानांतून उजेड यायचा, लाल. अंगाला पितळ घासायच्या मलमाचा वास. दुकानाच्या मागच्या खोलीत एक उंच मेज होतं, तिथे ते उभ्यानं जेवायचे, काळ्या पावावर हेरिंग मासा आणि कांदा, कागदात बांधून आणलेलं. आणि ती खोली आठवली तशी ती दुपारही आली. ती कुठून आली त्याला कळलं नाही. ती कधी गेलीच नव्हती, फक्त तिच्याकडे पाठ करून तो इतकी वर्षं उभा होता.

परीक्षा हुकली त्याच्या पुढच्या वर्षीचा वसंत होता. वडील बरे झाले होते, जरा बारीक झाले होते एवढंच. मागच्या खोलीत त्यांनी कागद सोडला, पावाचा अर्धा भाग त्याच्याकडे सरकवला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाले, "यंदा परत असतेच ना रे ती परीक्षा? जा तू. मी आगेशी बोललोय. तो बसेल दुकानात. त्याला काय, रिकामाच आहे." आगे म्हणजे त्यांचा चुलतभाऊ, बंदरावरून निवृत्त झालेला. टॉर्किलला पावाचा वास आठवला, कांद्याचा. आणि तेव्हा आपल्याला काय वाटलं होतं तेही आठवलं. आनंद नव्हता तो. गेल्या वर्षी परीक्षा हुकली तेव्हा, दुकानाचं दार उघडताना, त्याला हलकं वाटलं होतं. ज्याची भीती वाटते अशा दातवैद्याकडची वेळ आपोआप रद्द व्हावी तसं हलकं. कोपनहेगनमध्ये तीनशे मुलं येतील, चांगल्या शाळांतली, मोठ्या घरांतली. त्यांच्यामध्ये आपला कागद कुणीतरी उचलून बघेल आणि खाली ठेवेल. आणि आता वडील ते दार पुन्हा उघडून धरत होते.

"आणि तुमच्या छातीचं काय?" तो म्हणाला होता. "आगेकाकाला तारांतलं काय कळतं? तुम्ही शिडीवर चढणार आणि पुन्हा पडाल आजारी. नको. जाईन पुढे कधीतरी."

होल्गरनी तेव्हा त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग कागदाची घडी केली, मग त्या घडीची आणखी एक घडी केली, आणि म्हणाले, "बरं. तू म्हणशील तसं."

टॉर्किल तसाच आरशासमोर उभा राहिला, फेस सुकून गालाला ओढ लागेपर्यंत. त्यांना कळलं होतं. त्या एका बघण्यात त्यांना सगळं कळलं होतं. आणि मग पुढची कितीतरी वर्षं, लग्नांत, नाताळच्या जेवणांत, सिसेलच्या बारशाला, टॉर्किल ती गोष्ट सांगत राहिला, वडील समोर बसलेले असताना सांगत राहिला. घंटा वाजली आणि वाजतच राहिली. लोक हसत, हळहळत, एखादी मावशी होल्गरकडे बघून मान हलवी. आणि होल्गर? त्यानं आठवायचा प्रयत्न केला. होल्गर टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा करत असत. एक एक कण, एका जागी. एकदाही म्हणाले नाहीत, अरे, मी जा म्हणालो होतो की तुला. पोराची भीती त्यांनी आपल्या नावावर करून घेतली होती, आणि ती तशीच घेऊन गेले. चॅपलमध्ये त्यांच्या शवपेटीला खांदा देताना टॉर्किलच्या मनात आलं होतं, सुटलो. हेही त्याला आठवलं. त्यानं नळ सोडला, तोंड धुतलं, आणि अर्ध्या दाढीनं कामावर गेला. गोदामात कुणीतरी विचारलं, "काय रे, नवी फॅशन?" "नाही," तो म्हणाला, "विसरलो." कारण द्यायला काहीच नव्हतं.

बल्ब त्यानं त्याच संध्याकाळी लावला. यात काही थोर नव्हतं, स्टूल हलत होतं आणि गुडघा कुरकुरत होता. पण उजेड पडल्यावर दिसलं की भिंतीवर, त्याच्या बोटांच्या उंचीवर, एक काळपट पट्टा उमटलाय, रोज चाचपडत जाण्याचा. खोकी उघडायला आठवडा गेला. एकात इंगेरची केक करायची भांडी निघाली, तिला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, "ठेव की तुलाच. कर कधी." "मला कुठे येतं?" त्याच्या तोंडून गेलं, आणि मग तो म्हणाला, "म्हणजे, शिकलो नाही अजून." इंगेर हसली. खूप दिवसांनी तिचं ते नाकातलं हसू त्यानं ऐकलं. त्यापुढे काही झालं नाही. ती परत येणार नव्हती आणि त्यानंही विचारलं नाही. पण फोन ठेवल्यावर त्या गोष्टीला जोडायचं कुठलं वाक्य मनात तयार झालं नाही.

संध्याकाळच्या वर्गांत नाव घालायला मात्र त्याला महिना लागला. चित्रकला, सुरुवात करणाऱ्यांसाठी, गुरुवारी. शाळेच्या दारापर्यंत जाऊन तो दोनदा परतला. तिसऱ्यांदा परतताना त्याला जाणवलं की पोटात तेच हलकेपण येऊ लागलंय, दातवैद्याची वेळ रद्द झाल्याचं. त्याला त्या हलकेपणाची भीती वाटली. पहिल्यांदाच वाटली. तो मागे वळला आणि आत गेला.

आत आठ-दहा माणसं होती, बहुतेक निवृत्त बायका, आणि डॉर्थे नावाची शिकवणारी, केसांत पेन्सिल खोचलेली. तिनं मेजावर एक किटली आणि दोन नासपती ठेवल्या. टॉर्किलनं पेन्सिल हातात घेतली. इतकी वर्षं आत कुठेतरी एक माणूस जपून ठेवला होता त्यानं, कोपनहेगनचा, ज्याच्या हातातून रेघ सरळ आणि निर्भय निघते. आज तो बाहेर यायचा होता. तासाभरानं डॉर्थे मागे येऊन उभी राहिली. मान तिरकी करून तिनं कागद पाहिला.

"किटली पडतेय तुमची," ती म्हणाली.

"हो का?"

"आणि नासपती... बटाटे झालेत थोडे." मग ती गडबडीनं म्हणाली, "पण पहिलाच दिवस आहे. सगळ्यांचं होतं."

सगळ्यांचं झालं नव्हतं. शेजारच्या बाईची किटली छान उभी होती, वाफ येईल अशी. टॉर्किल आपल्या कागदाकडे बघत राहिला. म्हणजे हे होतं तर. हे. परीक्षेला बसलो असतो तर पहिल्याच फेरीत घरी आलो असतो. कदाचित शिकलो असतो, कदाचित नसतो. ते आता कुणालाच कळणार नव्हतं. एवढा मोठा माणूस त्याच्या आत इतकी वर्षं राहत होता, जागा अडवून, आणि त्याला साधी नासपती काढता येत नव्हती. त्याला रडू येईल असं वाटलं, आणि त्याऐवजी हसू आलं, आधी नाकातून, मग आवरेना इतकं. शेजारच्या बाईनं वाकून पाहिलं आणि तीही हसायला लागली. "अगं बाई! हे बटाटे उकडून सालाड करा आता," ती म्हणाली. टॉर्किलनं डोळे पुसले, कागद उलटा केला आणि पुन्हा किटली काढायला घेतली. दुसरीही पडत होती, पण जरा कमी.

रविवारी तो सिसेलकडे गेला. येप्पे घरी नव्हता. टॉर्किलला वाटलं होतं आधी इकडचं तिकडचं बोलू, पण कोट काढताच तो म्हणाला, "ती गोष्ट खोटी आहे, सिसेल."

"कुठली?"

"घंटेची. म्हणजे घंटा वाजली. पण पुढच्या वर्षी आजोबा मला जा म्हणाले होते. माणूसही बघून ठेवला होता दुकानासाठी. मीच गेलो नाही. भ्यालो मी."

सिसेल ओट्याला टेकून उभी होती. तिच्या हातात रिकामा कप होता, तो तिनं हळूच खाली ठेवला. "मग आजोबा बोलले का नाहीत कधी?"

"माहीत नाही. मला लाज वाटू नये म्हणून असेल."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकल टेकवत होतं. मग सिसेल अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मी त्यांच्या मांडीवर बसायचे नाही, बाबा. आठवतंय तुला? ते बोलवायचे, पाकिटातली ज्येष्ठमधाची गोळी दाखवायचे. मी जायचे नाही. मला वाटायचं, या माणसानं माझ्या बाबाचं वाटोळं केलं. अकरा वर्षांची होते मी ते गेले तेव्हा. शेवटी दवाखान्यात त्यांनी हात पुढे केला तर मी हात मागे धरले होते. असे." तिनं दाखवले.

टॉर्किलला हे माहीत नव्हतं. जिभेवर एक शब्द येऊन बसला होता, लहानसा, सवयीचा: पण. पण मला तरी कुठे ठाऊक होतं. पण मीही तरुण होतो. त्या एका शब्दामागे सगळी रांग उभी होती, दार ढकलत.

"ते माझ्यामुळे झालं," तो म्हणाला. आणि थांबला.

सिसेल रडली. तो तिच्याजवळ गेला नाही, तिचं रडणं थांबवण्याचा आपल्याला हक्क आहे असं त्याला वाटलं नाही. तो खुर्चीवर बसून राहिला. बऱ्याच वेळानं तिनं भांडी पुसायच्या फडक्यातच नाक शिंकरलं आणि त्याच्यासमोर येऊन बसली. डोळे सुजले होते. "हे आता का सांगतोयस?"

"कारण... " तो म्हणाला, आणि ते वाक्य सोडून दिलं. "मी चित्रकलेच्या वर्गाला जातो, गुरुवारी."

"तू?"

"भयंकर काढतो. खरंच भयंकर. शिकवणारी बिचारी शब्द शोधत असते."

तिच्या तोंडावर ओलं, अनिच्छेचं हसू आलं. "काय काढायचंय आता?"

"हात. घरी करून आणायला सांगितलंय. स्वतःचा डावा."

सिसेल त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिली. राग गेला नव्हता, तो दिसत होता, पण त्याच्या बाजूला अजून काहीतरी येऊन बसलं होतं. तिनं उठून ड्रॉवरमधून पेन्सिल आणि कागद काढला, त्याच्यापुढे ठेवला आणि आपला हात टेबलावर पालथा पसरला. "माझा काढ. माझा हलणार तरी नाही."

त्यानं सुरुवात केली. अंगठा फार जाड झाला. डॉर्थेनं सांगितलं होतं, कागदाकडे कमी बघा, समोर जास्त बघा. म्हणून तो समोर बघू लागला. सिसेलचा हात त्यानं लहानपणी रस्ता ओलांडताना धरला होता, त्यानंतर बघितल्याचं आठवत नव्हतं. तो बाईचा हात होता. बोटांची पेरं लाल, भेगाळलेली, मनगटाशी कातडी सोललेली. नखं मुळापर्यंत खाल्लेली. दुसऱ्या बोटाला नुकतं रक्त येऊन गेलेलं.

"हे काय झालं?" त्यानं विचारलं.

"काही नाही. हात धुऊन धुऊन. वॉर्डात दिवसभर तेच."

"आणि नखं?"

ती हात मागे घेईल असं त्याला वाटलं, पण तिनं तो तसाच राहू दिला.

"तू वॉर्डात नेमकं काय करतेस, सिसेल? मला खरंच नीट माहीत नाही."

"लांबलचक आहे ते, बाबा."

"असू दे."

तिनं एक श्वास घेतला. मग ती सांगू लागली. आधी तुटक, कुठल्याशा खाटेवरच्या म्हाताऱ्याबद्दल, जो तिला दुसऱ्याच नावानं हाक मारतो; मग नव्या मुख्य परिचारिकेबद्दल; मग सकाळी कामावर निघताना सायकलच्या कुलपाशी आपले पाय कसे जड होतात त्याबद्दल, जे तिनं येप्पेलाही सांगितलं नव्हतं. टॉर्किलला मध्येच दोनदा स्वतःचं काही आठवलं. त्यानं ते तसंच जाऊ दिलं. बोटांच्या रेघा एकमेकींत गुंतल्या होत्या, करंगळी कुठून सुरू होते तेच कळेना. त्यानं पेन्सिल खाली ठेवली आणि नुसतं ऐकत राहिला.